काचेच्या टाकीतलं प्रवाळ आणि माझे नऊ दिवस



सहा महिने इथे काहीच लिहिलं नाही. दोघीतिघींनी फोन करून विचारलं, तब्येत बरी आहे ना? तब्येत ठणठणीत आहे. मी मुलाकडे होते आणि तिथे एका अशा कामात अडकले होते की सांगितलं तर हसाल. मी प्रवाळ सांभाळत होते. अंगठीतलं पोवळं नव्हे, समुद्रातलं जिवंत प्रवाळ, काचेच्या टाकीत वाढणारं. त्या कामात माझ्या हातून एक चूक झाली. ती सांगितल्याशिवाय दुसऱ्या कुठल्या विषयावर लिहायला मन घेईना.

मुलगा न्यू जर्सीत, एडिसनला असतो. महावीर जयंतीच्या सुमारास मी तिथे पोचले. नातू अकरा वर्षांचा. त्याने मित्राच्या घरी समुद्राच्या पाण्याची टाकी पाहिली होती आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात तेच होतं. मुलगा अर्धा तयार होता. सूनबाई म्हणाली, "आई म्हणतील तसं." म्हणजे नाही म्हणायचं काम माझ्याकडे आलं.

कारण शोधावं लागलं नाही. मुलगा सहज बोलून गेला की समुद्री माशांना गोठवलेली बारीक कोळंबी घालावी लागते, ती फ्रीजरमध्ये ठेवू. मी म्हटलं, "ज्या फ्रीजरमध्ये माझे मटार आणि खवलेलं खोबरं आहे, तिथे?" विषय तिथेच संपला. नातवाने हट्ट केला नाही, रडला नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मात्र माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "आजी, जे कुणाला मारून खात नाही असं समुद्रात काहीच नसतं का?"

या प्रश्नाला नाही म्हणता येईना.

मग आम्ही दोघं शोधायला बसलो. मुलगा रात्री मदतीला असायचा. हळूहळू कळलं की प्रवाळांमध्ये मऊ प्रवाळ म्हणून एक प्रकार आहे. कठीण प्रवाळ चुनखडीचा दगडासारखा सांगाडा बांधतं, त्याचेच समुद्रात डोंगर होतात. मऊ प्रवाळाला असा सांगाडा नसतो. मांसल देठ, फांद्या, आत चुन्याच्या बारीक सुया, आणि वर शेकडो इवलीशी फुलं. प्रत्येक फुलाला आठ पाकळ्या. त्या पाकळ्या नव्हेत, स्पर्शिका आहेत, आणि मधोमध तोंड. यातल्या बऱ्याच जातींच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. शैवाल उजेडावर साखर तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. प्रवाळ त्याला राहायला जागा देतं, आपल्या शरीरातला टाकाऊ नायट्रोजन खत म्हणून देतं. जीवांनी एकमेकांना उपकारक व्हावं हे वाक्य आपण आपल्या प्रतीकाखाली लिहितो. इथे ते एका बोटभर देहात चाललेलं असतं.

म्हणजे वर दिवा लावला, पाणी नीट ठेवलं, तर कोळंबी नको, मासेही नकोत. मी होकार दिला, पण अट घातली: टाकीत पोहणारं काही येणार नाही. जे समुद्रातही एका जागी खडकाला धरून राहतं, तेच आणायचं.

आता तुमच्यापैकी स्वाध्याय करणाऱ्या म्हणतील, प्रवाळ तर पृथ्वीकायात! बरोबर आहे. मूलाचारात पृथ्वीकायाचे भेद सांगितलेत, त्यात प्रवाळ आहे. मीही पाठशाळेत मुलांना हेच शिकवलंय. बाहेरच्या जगातही प्रवाळाला फार काळ दगड किंवा झाड समजत होते. 18व्या शतकात मार्सेयचे डॉक्टर पेसोनेल यांनी सांगितलं की पोवळ्याची फुलं म्हणजे प्राणी आहेत, तेव्हा पॅरिसच्या विद्वानांनी ते मानलं नाही. पण मी जे रोज डोळ्यांनी पाहत होते त्याला तोंड होतं. बोट जवळ नेलं की ते अंग चोरून घेत होतं. त्याला एकेंद्रिय म्हणू की द्वींद्रिय?

मी काही पंडित नाही. पण 1980 च्या सुमारास बी. कॉम. झाले तेव्हा हिशोबशास्त्रातला एक नियम पक्का बसला होता: नफा हातात येईपर्यंत धरायचा नाही, तोट्याची मात्र शंका आली तरी तरतूद करून ठेवायची. शास्त्राचा अर्थ शास्त्र जाणणाऱ्यांनी सांगावा. वागण्यापुरती मी तरतूद केली. जिथे शंका आहे तिथे जीव मोठा धरायचा आणि तसंच सांभाळायचं.

याच वाचनात कळलं की दागिन्यातलं लाल पोवळंही याच आठ स्पर्शिकांच्या घराण्यातलं आहे. माझ्या बोटात लग्नानंतर मंगळासाठी घातलेली पोवळ्याची अंगठी होती, चाळीस वर्षांची. ती त्या रात्री काढून ठेवली. कुणाला सांगितलं नव्हतं, आज सांगतेय.

पाच अतिचार आणि एक दुकान

टाकीची तयारी होईपर्यंत आम्ही काय आणायचं याची यादी करत होतो. दुकानातल्या रंगांना भुलून घ्यायचं नाही, हे मी साड्यांच्या दुकानात शिकलेय. पण इथे कसोटी कुठली लावायची? नातू रविवारी तिथल्या जैन केंद्राच्या पाठशाळेत जातो. त्याला मी अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले, तत्त्वार्थसूत्रातले: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. बांधून ठेवणं, मारणं, अवयव कापणं, पेलणार नाही इतकं ओझं लादणं, खाणंपिणं अडवणं. सूत्र गायीबैलांच्या काळातलं आहे, पण त्याने कागदावर पाच रकाने आखले आणि म्हणाला, "आजी, हीच आपली चेकलिस्ट." सांगायला आनंद वाटतो, ती पुरली.

बंध: पोहणारं आणायचं नाही, हे ठरलंच होतं. शिवाय समुद्रातून उपटून आणलेलं घ्यायचं नाही. टाकीतच वाढवलेल्या प्रवाळाचे तुकडे मिळतात, सिमेंटच्या किंवा चिनीमातीच्या छोट्या गोल खुंटीवर रुजवलेले. दुकानदाराला विचारायचं, हे कुठे वाढलं, तुमच्याकडे किती आठवडे आहे? दोन-तीन आठवडे दुकानात टिकून फुललेला तुकडा घरीही टिकण्याची शक्यता जास्त.

अन्नपाननिरोध: या रकान्यात आमची खरी परीक्षा झाली. दुकानात एक प्रवाळ होतं, कार्नेशन म्हणतात त्याला. लालगुलाबी, काचेसारखं पारदर्शक, जणू आतून दिवा लावलाय. नातू त्याच्यासमोरून हलेना. मीही हलेना, खरं सांगते. पण मुलाने फोनवर वाचून दाखवलं: याच्या अंगात शैवाल नसतं. उजेडाचा त्याला उपयोग नाही. पाण्यात सतत तरंगणारं बारीक खाद्य त्याला लागतं आणि घरगुती टाकीत ते पुरवणं जवळजवळ अशक्य, म्हणून ते महिन्या-दोन महिन्यांत आक्रसत आक्रसत संपतं. म्हणजे सुंदर दिसतंय म्हणून घरी आणायचं आणि उपाशी ठेवायचं. नातवाने स्वतःच मान हलवली आणि पुढे गेला. त्या दिवशी मला त्याचा फार अभिमान वाटला.

वध: नव्या तुकड्यासोबत नको असलेले पाहुणे येतात. एइप्टेशिया नावाचं एक छोटं समुद्रफूल येतं, ते टाकीभर पसरतं आणि प्रवाळांना डंख करतं. मग लोक सुईने औषध टोचून ते मारतात. ही वेळच येऊ नये म्हणून आपली आदाननिक्षेपण समिती, म्हणजे वस्तू उचलताना-ठेवताना आधी नीट पाहणं. आम्ही भिंग घेऊन गेलो होतो. प्रत्येक खुंटी उलटी करून, कडेकडेने, खालून तपासली. एका खुंटीखाली तपकिरी, लांब बोटांचं काहीतरी दिसलं. तो तुकडा तिथेच ठेवला. दुकानदार हसत होता, पण चिडला नाही.

अतिभारारोपण: गर्दी करायची नाही. मऊ प्रवाळ वरवर शांत दिसतं, पण जागेसाठी पाण्यात रसायनं सोडून शेजाऱ्याची वाढ रोखतं. म्हणून अंतर ठेवायचं आणि गाळणीत सक्रिय कोळशाची पुरचुंडी ठेवून ती वेळच्या वेळी बदलायची. हिरवे तारे म्हणून एक प्रकार आहे, तो हरळीसारखा पसरतो. तो घ्यायचाच असेल तर वेगळ्या दगडावर, बेटासारखा. आम्ही घेतला नाही.

छेद: इथे माझा हिशोब जुळला नाही. टाकीत वाढवलेला तुकडा म्हणजे कुणीतरी आईपासून पात्याने कापलेलाच तुकडा. मऊ प्रवाळ कापल्यावर दोन्ही भाग भरून येतात, वाढतात, हे खरं. पण दुकानात कापलं म्हणून मी सुटले असं कसं म्हणू? कृत, कारित, अनुमोदित, तिन्हीची मोजदाद असते. समुद्रातून ओरबाडण्यापेक्षा हे बरं, एवढंच मनाशी म्हटलं. घरी आम्ही काही कापलं नाही. तो रकाना नातवाने अर्धाच भरला आणि मी तो तसाच राहू दिला.

शेवटी चार गोष्टी आणल्या. एक टोडस्टूल, म्हणजे जाड देठाची अळंबी, वर सोनेरी केसर. एक सिन्युलॅरिया, हाताच्या बोटांसारखी. दोन मशरूम, सपाट, निळसर, त्यांना सावली आवडते म्हणून तळाशी. आणि झेनिया. झोअँथिड नावाची बटणाएवढी सुरेख फुलंही होती, पण त्यांच्यातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. लहान मूल असलेल्या घरात नको म्हटलं. कुणाच्या घरी असतील तर हातमोज्यांशिवाय हात लावू नका आणि तो दगड कधीही उकळत्या पाण्यात टाकू नका, वाफेतून विषबाधा झाल्याची उदाहरणं आहेत.

पाणी गाळणं

टाकी चाळीस गॅलनची, दीडशे लिटरची. दगड वगैरे जाऊन पाणी साधारण एकशे तीस लिटर. नळाचं पाणी चालत नाही, त्यात क्लोरीन असतं. ते चार टप्प्यांतून गाळायचं आणि मग लिटरमागे 35 ग्रॅम समुद्री मीठ. मला सांगलीची विहीर आठवली. आई दुहेरी फडक्यातून पाणी गाळायची आणि गाळण्यातले जीव, जिवाणी, परत त्याच विहिरीत हलक्या हाताने सोडायची. फडकं झटकलेलं तिला चालत नसे. पाणी गाळणं तेव्हा आम्हाला कामांपैकी एक काम वाटायचं. इथे बटणावर गाळलं जातं, पण उभं राहून बघावं लागतं, तेवढंच.

जिवंत खडक न आणता कोरडा खडक आणला, म्हणजे त्याच्यावरचे जीव वाटेत मरायला नकोत. मग विरजण लावावं तसे बाटलीतले जिवाणू घातले आणि पाच आठवडे टाकी रिकामी ठेवली. अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट, हे चक्र बसेपर्यंत कुणालाही आत सोडायचं नाही. रोज परीक्षानळीत थेंब टाकून रंग जुळवायचा आणि नातवाच्या वहीत लिहायचं. रकाने मी आखून दिले: तारीख, तापमान, मीठ, अल्कलिनिटी, नायट्रेट, फॉस्फेट, शेरा. रोजकीर्द कशी लिहितात हे त्याला त्यातूनच शिकवलं. तापमान 25-26, मीठ 35, अल्कलिनिटी 8-9.

एक गंमत सांगते. मासे नाहीत म्हणून पाणी इतकं स्वच्छ झालं की नायट्रेट शून्यावर आलं. मी खूश. पण मशरूम फिकट पडली. मऊ प्रवाळाला आणि त्यातल्या शैवालाला थोडं खत लागतंच. मग नायट्रेटचे मोजून थेंब द्यायला लागलो, पाचाच्या वर ठेवायला. आयुष्यभर ओटा पुसणाऱ्या बाईला हे पटायला वेळ लागला, की लखलखीत स्वच्छ म्हणजे कुणाची तरी उपासमारही असू शकते.

काच शैवालाने हिरवी होते म्हणून चार छोट्या शंखाच्या गोगलगायी आणल्या. एका जागी धरून राहणारंच आणायचं ही माझीच अट, ती इथे थोडी वाकवली. त्या शैवालच खातात, म्हणून चालवून घेतलं.

आणि झेनिया! तिची फुलं मुठीसारखी सारखी उघडतात आणि मिटतात, दिवसरात्र. लाल समुद्रातल्या तिच्याच कुळातल्या एका प्रवाळाचा इस्रायलच्या शास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. या हालचालीने पाणी ढवळलं जातं, अंगाभोवती साचलेला ऑक्सिजन निघून जातो आणि आतल्या शैवालाचं काम जोरात चालतं. मला शास्त्र नंतर कळलं. आधी मी सकाळी जप करताना तिच्यासमोर बसायला लागले होते. एक मूठ उघडायची, एक मिटायची. मन लागायचं.

नऊ दिवस

जुलैमध्ये मुलगा, सूनबाई आणि नातू नऊ दिवस डोंगरात तंबू ठोकायला गेले. माझे गुडघे तंबूचे नाहीत. टाकी माझ्यावर सोपवली. मुलाने सगळं दाखवलं. नातवाने वही हातात दिली आणि म्हणाला, "रोज लिही हं आजी."

टाकीतलं पाणी रोज साधारण दोन लिटर उडून जातं. काचेवर रेघ आहे, तिथपर्यंत भरायचं. कपाटात दोन सारखेच कॅन होते. एकात गाळलेलं गोडं पाणी, दुसऱ्यात पाणी बदलण्यासाठी मीठ घालून ठेवलेलं. कुठलं घालायचं हे मुलाने सांगितलं होतं. मी विसरले. फोन करू शकले असते. पण मला वाटलं, त्यात काय विचारायचं? समुद्र कमी झाला तर समुद्रच भरायचा. खारं पाणी ओतलं. रेघेला बरोबर लागलं. खूप नीट काम केल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या दिवशी टोडस्टूल मिटली. ते मी आधी पाहिलं होतं. दर काही आठवड्यांनी ती केसर आत घेते, अंगावर मेणासारखा पापुद्रा येतो, मग कात टाकून पुन्हा फुलते. म्हटलं, तेच असेल. पाचव्या दिवशी झेनियाच्या मुठी थांबल्या. म्हटलं, दमली असेल. एक गोगलगाय वाळूत उलटी पडलेली दिसली, ती सरळ केली. मीठ मोजायचं यंत्र खणातच होतं. एक थेंब टाकायचा, डोळ्याला लावायचं, अर्धं मिनिट. मी वहीत रोज "ठीक आहे" लिहीत होते. मिठाच्या रकान्यात आदल्या दिवशीचा 35 खाली उतरवत होते.

पुन्हा वाचा. मी न मोजता आकडा लिहीत होते. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं, चुकीची नोंद दुरुस्त होते, खोटी नोंद दुरुस्त होत नाही.

ते परत आले तेव्हा झेनिया पांढरट पडून विरघळत होती. मुलाने मीठ मोजलं: 40. हिशोब सोपा आहे. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. व्याज जातं, मुद्दल तसंच. त्यात मी रोज दोन लिटर, म्हणजे सत्तर ग्रॅम मीठ वर घालत होते. नऊ दिवसांत सहाशे तीस ग्रॅम, एकशे तीस लिटरांत. लिटरमागे जवळजवळ पाच ग्रॅम. पाचवीतल्या मुलाने करावा असा हिशोब, आणि मी तो नऊ दिवस केला नाही.

एकदम उतरवलं तर पुन्हा धक्का बसतो, म्हणून मुलाने तीन-चार दिवसांत थोडं थोडं खारं काढून गोडं घातलं. झेनिया वाचली नाही. चारांपैकी दोन गोगलगायी गेल्या. प्रवाळाबद्दल मी शंकेची तरतूद केली होती. शंखातल्या जिवाबद्दल कसलीच शंका नाही, ते द्वींद्रिय, आपण लहानपणापासून पाठ केलेलं.

नातू वही उघडून बसला होता. त्याने नऊ ओळींवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "आजी, नऊ दिवसांत एकदाही मोजलं नाहीस?" आवाज चढवला नाही. मला वाटतं, ओरडला असता तर सोपं झालं असतं.

मी म्हटलं, "नाही मोजलं, बाळा. लिहिलं मात्र." तो उठून गेला. दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलला.

घरातल्यांनी समजूत घातली. मुलगा म्हणाला, सगळ्यांच्या हातून होतं. सूनबाई म्हणाली, आई, तुम्ही मुद्दाम थोडंच केलं? मला ते शब्द बरे वाटले, पण रात्री टेकवत नव्हते. कारण तत्त्वार्थसूत्र मुद्दाम की चुकून हे विचारतच नाही. प्रमादाने, बेसावधपणे प्राणांचा घात होणं, हीच तिथे हिंसेची व्याख्या आहे. आणि याच्या उलटही आपल्या आचार्यांनी सांगितलंय: जो यत्नाचाराने, पाहून-सांभाळून वागतो, त्याच्या पायाखाली नकळत जीव आला तरी त्याला तो बंध नाही. म्हणजे मधला फरक प्रेमाचा नाही, लक्षाचा आहे. माझं त्या झेनियावर प्रेम होतं, तिच्यासमोर बसून मी जप करत होते. जप करताना तिच्या मुठी थांबलेल्या मला दिसल्या, आणि मी माळ पुढे सरकवली.

आयुष्यभर मी मीठ अंदाजाने घातलं. आमटीत कधी चुकलं नाही, आणि त्याचं कौतुकही फार झालं. हातच तसा आहे म्हणायचे सगळे. आमटीत चुकलं असतं तर एक जेवण बिघडलं असतं. त्या टाकीत राहणाऱ्यांना ताट बाजूला सारता येत नव्हतं. आपल्या हातावर ज्यांचं सगळं अवलंबून असतं, त्यांच्या बाबतीत अंदाज चालत नाही. लहान मूल, अंथरुणावरचं म्हातारं माणूस, आणि ही मुकी फुलं. मोजणं म्हणजे कोरडेपणा, असं मला आधी वाटायचं. आता वाटतं, दया मनात असते तोपर्यंत ती आपल्यालाच उपयोगी. दुसऱ्यापर्यंत ती पोचते ती रोजच्या त्या अर्ध्या मिनिटातून.

पुढे

भाद्रपदात दशलक्षण पर्व आलं. दहाही दिवस आलोचना पाठ म्हणताना त्या नऊ ओळी डोळ्यांपुढे यायच्या. यंत्राला डोळा लावून मोजायचं आणि मगच चहा, हा नियम मी तेव्हा घेतला. टोडस्टूल तीन आठवडे मिटूनच होती. मी आशा सोडली होती. एका मंगळवारी भेंडी पुसत बसले असताना सहज मान वर केली तर कडेची चार-पाच केसरं बाहेर आली होती. मी आधी मीठ मोजलं: 35. मग नातवाला हाक मारली.

क्षमावाणीच्या दिवशी आपण सगळ्यांना उत्तम क्षमा म्हणतो, फोनवर एकाच दमात पन्नास जणांना. त्या दिवशी मी फक्त नातवाला नीट समोर बसवून म्हटलं. "झेनिया आणि दोन गोगलगायी माझ्या बेसावधपणामुळे गेल्या. आणि तुझ्या वहीत मी खोटं लिहिलं. क्षमा कर." तो गोंधळला. थोड्या वेळाने त्याने कपाटातले दोन्ही कॅन बाहेर काढले आणि त्यांच्यावर पट्ट्या चिकटवल्या. त्याला मराठी लिहायचा कंटाळा आहे, पण त्या पट्ट्या त्याने माझ्यासाठी मराठीत लिहिल्या. एकावर "गोड पाणी", दुसऱ्यावर "खरे पाणी". काना विसरला होता. मी दुरुस्त केलं नाही.

पुण्या-मुंबईतल्या कुणाला हा छंद करावासा वाटला तर आधी कायदा पाहा. आपल्याकडे कठीण प्रवाळ, समुद्रपंखे वगैरे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली 2001 पासून वाघाइतकेच संरक्षित आहेत. अंदमानला, रामेश्वरला गेलात तर किनाऱ्यावरचा मेलेला तुकडाही आठवण म्हणून पिशवीत घालू नका, तो गुन्हा आहे. आणि टाकी घ्यावी का, असं मला विचाराल तर उत्तर देता येत नाही. घेतली नसती तर ते दोन शंखातले जीव माझ्या नावावर नसते. घेतली म्हणून एका मुलाने सुंदर दिसणारी वस्तू दुकानात सोडून दिली. दोन्ही बाजू लिहून ठेवल्यात, ताळा अजून जुळलेला नाही.

ऑक्टोबरात सांगलीला परतले. आता दर रविवारी नातू वहीच्या पानाचा फोटो पाठवतो. टोडस्टूल हाताच्या पंजाएवढी झालीय म्हणे. सिन्युलॅरियाला नवं बोट फुटलंय. मी चष्मा लावते आणि सगळ्यात आधी मिठाचा रकाना बघते. आकडे रोज थोडे वेगळे असतात. 35, 34.5, 35. म्हणजे मोजतोय.

जय जिनेंद्र.